कागलचे यशवंतराव

कोल्हापूरचे शाहू छत्रपती आमच्या मलकापूर भागात कोणास ठाऊक नाहीत? त्यांच्या राज्यकारभाराची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. आम्ही येथे घरापासून दूर नेलेल्या एका मुलाची सांगतो.

1874 साली कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला व नाव यशवंतराव ठेवण्यात आले. आई राधाबाई ते लहान असतानाच वारल्या. 17 मार्च 1884 रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांस दत्तक घेतले. तेव्हा नाव, घर, आई, सर्वच बदलले. ज्यांच्या गादीवर ते बसले ते चौथे शिवाजी महाराज नुकतेच, 1883 साली, अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या पहाऱ्यात मरण पावले होते. पुढे या मुलास शिक्षणासाठी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडण्यात आले. 1886 साली जन्मदाते आबासाहेबही गेले. धाकटे बंधू बापूसाहेब सोबत होते, एवढाच काय तो घरचा आधार.

आम्हीही बोर्डिंगात वाढलो. अंथरुणात तोंड लपवून रडणाऱ्या मुलास तेथे कोणी काही विचारीत नसे. म्हणून महाराजांनी पुढे जे केले ते आम्हांस विशेष वाटते.

1894 साली राज्याची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी प्रथम सर्व जातींकरिता एकच वसतिगृह काढले. परंतु खेड्यांतील मागासलेल्या जातींची मुले तेथे टिकली नाहीत. मग 1901 साली मराठा व जैन, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, याप्रमाणे वसतिगृहे निघत गेली. मुसलमान, लिंगायत व ख्रिस्ती मुलांचीही सोय झाली. मुलास आपल्या घरचे अन्न, आपली बोली, आपले सण व आपली माणसे मिळत. यामुळे जातींच्या भिंती तशाच राहिल्या, हा आक्षेप खोटा नाही. पण शिकण्यासाठी मुलास आपल्या माणसांची लाज वाटावी लागली नाही.

कॅनडा देशात याच्या उलट घडले. तेथील आदिवासींची दीड लाखांवर मुले सरकारने निवासी शाळांत घातली, आणि त्या शाळा बहुतांशी ख्रिस्ती मंडळ्यांनी चालविल्या, हे आम्हांस लपवावयाचे नाही. त्यांची नावे बदलली, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. 2008 ते 2015 पर्यंत तेथील सत्यशोधन आयोगापुढे ती माणसे म्हातारपणी बोलू लागली, तेव्हा त्यांच्या जमातीचे वडीलधारे शेजारी बसत. जुने विधी व गाणी होत. मुलानातवंडांसही आधार दिला जाई, कारण आईबापांवाचून वाढलेल्यास आईबाप होणे जड जाते.

आपल्याकडेही 1871 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला व पुढे त्यांची मुले आईबापांपासून काढून शाळांत ठेवण्याची तरतूद केली. कोल्हापुरात मात्र महाराजांनी 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली. रानोमाळ पळणाऱ्या फासेपारध्यांस जवळ बोलावून काम दिले, आणि सोनतळीच्या आपल्या मुक्कामी त्यांनाच पहारेकरी नेमले. चोर म्हणून ज्यांस हाकलीत त्यांच्या भरवशावर राजा रात्री झोपे. बायकापोरांसह एका ठिकाणी राहावयास मिळाले, हे त्या लोकांस केवढे वाटले असेल!

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचा अंत झाला. ब्रिटिश मुलखातील तो कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 1952 साली, रद्द झाला.