ज्याच्या नावाने ‘ड्रॅक्युला’ अर्पण झाली, तो लेखक एका बेटाचं वरचं सभागृह बदलायला निघाला होता

‘ड्रॅक्युला’ माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड. 1897 साली ब्रॅम स्टोकरने ही कादंबरी लिहिली आणि ती आपल्या एका जिवलग मित्राला अर्पण केली. अर्पणपत्रिकेत मित्राचं खरं नाव नाही, आजीने ठेवलेलं लाडाचं नाव आहे. हॉमी-बेग. म्हणजे छोटा टॉमी.

हा छोटा टॉमी म्हणजे हॉल केन. त्या काळात त्याची पुस्तकं स्टोकरच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त खपायची. आज त्याचं नाव कुणी घेत नाही. पण त्याने हात घातलेला एक प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

प्रश्न साधा होता. कायदे करणाऱ्या वरच्या सभागृहात बसणारी माणसं लोकांनी का निवडू नयेत?

हॉल केनचा जन्म 1853 साली इंग्लंडमधल्या रंकॉर्नचा. वडील लोहार, मूळचे आईल ऑफ मॅनचे. हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे. पोरगा लिव्हरपूलमध्ये वाढला, पण बेटावर आजीकडे जायचा. तिथल्या भुताखेतांच्या, पऱ्यांच्या गोष्टी त्याने आजीकडूनच ऐकल्या.

पुढे त्याने लिव्हरपूलमध्ये एका आर्किटेक्टच्या हाताखाली काम केलं, काही दिवस बेटावर मास्तरकी केली, पेपरात लिहिलं. प्रसिद्ध कवी आणि चित्रकार रोझेटीशी पत्रांतून ओळख झाली आणि 1881 मध्ये तो थेट त्याच्या घरी राहायला गेला. 1882 साली रोझेटी वारला, तोवर केन त्याच्या सोबतच होता.

मग त्याने आजीच्या बेटावर लिहायला घेतलं. 1887 ची ‘द डीम्स्टर’ गाजली. डीम्स्टर म्हणजे या बेटावरचा न्यायाधीश. 1894 ची ‘द मँक्समन’ त्याहून गाजली. 1897 च्या ‘द ख्रिश्चन’बद्दल तर असं सांगतात की दहा लाखांवर प्रती खपलेली ती ब्रिटनमधली पहिली कादंबरी.

पैसा आला, नाव झालं. केनने बेटावरच ग्रीबा कॅसल नावाचं घर घेतलं. त्याच्या कादंबऱ्या वाचून पर्यटक बेटावर यायला लागले. बेटावरच्या काही लोकांना मात्र त्याचा राग होता. यानं आपल्या लोकांचं खासगी जगणं चव्हाट्यावर आणलं, असं त्यांचं म्हणणं.

आता जरा बेटाचा कारभार समजून घेऊ.

आईल ऑफ मॅन ब्रिटिश राजाच्या अखत्यारीत आहे, पण ते युनायटेड किंगडमचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड. हजार वर्षांहून जुनी परंपरा असल्याचं तिथले लोक अभिमानाने सांगतात. तिचं खालचं सभागृह म्हणजे हाऊस ऑफ कीज, सदस्य 24. वरचं म्हणजे लेजिस्लेटिव्ह कौन्सिल.

गंमत म्हणजे 1866 पर्यंत खालचं सभागृहसुद्धा लोक निवडत नव्हते. जागा रिकामी झाली की उरलेले सदस्य दोन नावं सुचवायचे आणि गव्हर्नर त्यातलं एक घ्यायचा. 1864 मध्ये जेम्स ब्राऊन नावाच्या संपादकाने टीका केली, तर कीजने त्याला तुरुंगात टाकलं. त्याने दावा लावला, जिंकला आणि नुकसानभरपाईही मिळवली. 1867 मध्ये कीजच्या निवडणुका सुरू झाल्या. 1881 मध्ये मालमत्ता असलेल्या बायकांनीही मत दिलं, ब्रिटनच्या कितीतरी आधी.

म्हणजे खालचा मजला बदलला. वरचा तसाच राहिला.

कौन्सिलमध्ये कोण बसायचं? गव्हर्नर, बिशप, अॅटर्नी जनरल, दोन डीम्स्टर आणि असेच सरकारी व चर्चचे अधिकारी. निवडून आलेला एकही नाही. कीजने काहीही मंजूर केलं तरी ते याच मंडळींसमोर जायचं. पैशाच्या चाव्याही मुख्यतः गव्हर्नरकडेच.

1901 मध्ये केन रॅम्झी या गावातून पोटनिवडणूक जिंकून कीजमध्ये गेला. पुढच्याच वर्षी लॉर्ड रॅगलन गव्हर्नर म्हणून आला. हा पक्का सनातनी. बदल म्हटला की त्याच्या कपाळावर आठी.

1903 साली बेटावर सुधारणावाद्यांनी नॅशनल रिफॉर्म लीग काढली. पहिला अध्यक्ष हॉल केन. धावपळ करणारा पत्रकार सॅम्युएल नॉरिस, पण चळवळीला चेहरा हवा होता आणि केनइतका मोठा चेहरा बेटावर दुसरा नव्हता.

1907 मध्ये कीजने ब्रिटिश सरकारकडे सुधारणांचा अर्ज पाठवला. तो तयार करणाऱ्या समितीचा अध्यक्षही केनच. मागणीचा गाभा असा होता: कौन्सिलमध्ये निवडून आलेले लोक असावेत, खर्चावर कीजचं नियंत्रण असावं आणि गव्हर्नरच्या सत्तेला लगाम बसावा.

1908 मध्ये केनने कीज सोडलं. लंडनने 1911 मध्ये चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष लॉर्ड मॅकडोनेल. हे नाव भारतालाही परिचयाचं आहे. आजच्या उत्तर प्रदेशात लेफ्टनंट गव्हर्नर असताना 1900 साली कचेऱ्यांमध्ये देवनागरीला परवानगी देणारे मॅकडोनेल ते हेच.

समितीने मधला मार्ग काढला. कौन्सिलमध्ये चार सदस्य निवडलेले असावेत, पण त्यांना निवडणार कोण? जनता नाही, कीजचे सदस्य. आपल्याकडे विधान परिषदेच्या काही जागा आमदार निवडून देतात, तसंच काहीसं.

तेवढंही लगेच झालं नाही. रॅगलन खुर्चीवर होता आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. पर्यटक थांबले, बेटाची कमाई आटली, लोक चिडले. 1916 मध्ये टिनवाल्डच्या सोहळ्यात रॅगलनवर मातीचं ढेकूळ फेकलं गेलं. त्याच वर्षी नॉरिस तुरुंगात गेला. 1918 च्या जुलैमध्ये पाव महागला म्हणून बेटावर संप झाला. त्याच वर्षाच्या शेवटी रॅगलन पायउतार झाला आणि 1919 मध्ये कायदा बदलला.

नव्या कौन्सिलमध्ये 11 जण. त्यात कीजने निवडलेले फक्त चार. थेट लोकांनी निवडलेला एकही नाही.

म्हणजे हॉल केन जिंकला का? अर्धवट. बंद दार किलकिलं झालं, पण मतदाराला आत घेतलं नाही. कादंबरीकाराची लोकप्रियता मागणी लंडनपर्यंत न्यायला पुरली. गव्हर्नरला हलवायला मात्र पावाचा संप लागला.

केनला सरकारने 1918 साली ‘सर’ केलं. 1929 मध्ये डग्लस शहराने त्याचा मानाचा नागरिक म्हणून सन्मान केला. त्याच वर्षी हिचकॉकचा ‘द मँक्समन’ पडद्यावर आला. 31 ऑगस्ट 1931 ला केन ग्रीबा कॅसलमध्ये वारला. त्यानंतर त्याची पुस्तकं वाचकांच्या हातातून भराभर गेली.

कौन्सिलचं पुढे काय झालं? अधिकारी एकेक करून कमी झाले, कीजने निवडलेल्यांची संख्या आठवर गेली. थेट निवडणुकीचे प्रस्ताव नंतरही अनेकदा आले, पण पास झाले नाहीत. कारण त्यात एक खरी मेख आहे. आज कौन्सिलचे सदस्य निवडायचा अधिकार कीजकडे आहे. तो जनतेला द्यायचा तर त्यासाठी कीजनेच हात वर करायला हवा. शिवाय दोन्ही सभागृहं लोकांनी निवडली आणि त्यांचं पटलं नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा, हाही पेच आहेच.

ज्याने आजीच्या बेटाला जगभर पोचवलं, त्याला तिथल्या साध्या मतदाराला वरच्या सभागृहापर्यंत पोचवता आलं नाही. तो मतदार अजूनही दाराबाहेरच उभा आहे.