अनवाणी धावणाऱ्यांचे पाठीराखे : सर दोराबजी टाटा

पैसेवाला माणूस खेळाडूंचा संघ कशासाठी पोसतो? क्रिकेट-फुटबॉलच्या लीग सुरू झाल्या की हा प्रश्न आपल्या घरोघरी निघतो. कोणी म्हणतो जाहिरात, कोणी म्हणतो हौस, कोणी म्हणतो गुंतवणूक. दरवर्षी गणपतीची वर्गणी गोळा करताना देणाऱ्यांची मने आम्हीही पाहतो. कोणाला फलकावर नाव हवे असते, तर कोणी पाकीट हातात ठेवून नाव लिहू नका म्हणतो. या निमित्ताने शंभर वर्षांपूर्वीच्या एका धनवंताचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवत आहोत.

आपल्या बारडोलीहून नवसारी किती जवळ! त्या नवसारीत १८३९ साली जमशेटजी टाटांचा जन्म झाला. त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी मुंबईत २७ ऑगस्ट १८५९ रोजी जन्मले. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १८७७ मध्ये केंब्रिजच्या महाविद्यालयात दाखल झाले. तिथे दोन वर्षांत त्यांनी क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत महाविद्यालयाच्या संघात मानाचे स्थान मिळवले. टेनिस, नौकावहन, धावणे, घोडेस्वारी यांतही ते तरबेज होते. परत आल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १८८२ साली पदवी घेतली, दोन वर्षे वृत्तपत्रात काम केले आणि मग वडिलांच्या कापड व्यवसायात शिरले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी काम शिकून घेतले.

खेळाचे हे वेड घराण्याला नवे नव्हते. पोलाद कारखान्याची जागाही ठरली नव्हती, तेव्हा १९०२ साली जमशेटजींनी दोराबजींना पत्र लिहून होणाऱ्या गावात फुटबॉल-हॉकीसाठी मोठी मैदाने राखायला सांगितले होते. दोन वर्षांनी जमशेटजी गेले. पुढे साकचीला कारखाना उभा राहिला, १९१२ मध्ये पोलाद निघू लागले, खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. वडिलांची स्वप्ने पुरी करण्यातच दोराबजींची उमेदीची वर्षे गेली. १९१० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

साठीला आलेल्या या उद्योगपतीला १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आपल्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद दिले. तिथे त्यांनी जे पाहिले ते ते आयुष्यभर विसरले नाहीत. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरे खडबडीत वाटेने, अनवाणी, लांब पल्ल्याच्या शर्यती धावत होती. ना कोणी शिकवलेले, ना अंगावर नीट पोशाख. तरीही त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होती. स्वतः धावलेल्या माणसालाच अशा वेळेची किंमत कळते. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या अँटवर्पला ऑलिंपिक होते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड त्या स्पर्धांना आले होते. दोराबजींनी त्यांच्याजवळ विषय काढला, परवानगी मिळवली, निवड समिती नेमली. खर्चासाठी सरकारने काही दिले, लोकांनी वर्गणी दिली आणि मोठा वाटा दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला.

अँटवर्पला सहा जण गेले, चार धावपटू आणि दोन मल्ल. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकले. त्या पहिल्या संघाचा पाया मराठी मातीतलाच होता, हे आपल्याला अभिमानाने सांगायला हवे.

मग दोराबजींना यातून काय मिळाले? तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती, जाहिरातीचे हक्क नव्हते. संघ विकत घ्यायचा आणि चढ्या भावाने विकायचा अशी सोयही नव्हती. किताब तर दहा वर्षे आधीच मिळाला होता. जगाच्या मैदानात हिंदुस्थानचे नाव लागावे ही आकांक्षा होती आणि त्यात मानाचाही भाग असणार. पण मुळाशी, आपण ज्या मैदानावर सुख भोगले तिथे या पोरांनाही उतरता यावे, हीच ओढ आम्हाला दिसते.

तरी चरित्र लिहिताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. त्याच सुमारास टाटांच्या वीज कंपनीने पुण्याजवळ मुळशीला धरण बांधायला घेतले. पन्नासच्या आसपास मावळी गावांची भातशेती बुडणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला, तुरुंगवास भोगला, पण धरण झालेच. अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्याचे पाय पाहून ज्यांचे मन हलले, त्यांच्याच कंपनीने मुळशीच्या शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन घेतली. सत्याग्रहाच्या भूमीत राहणाऱ्या आपल्याला हे शल्य जरा जास्तच टोचते. बारडोलीच्या शेतकऱ्याला जमीन परत मिळाली, मुळशीच्या शेतकऱ्याला नाही.

१९२४ साली पोलाद कारखाना बुडायच्या बेतात आला. पगाराला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचे दागिने, ज्युबिली हिराही त्यात होता. कारखाना वाचला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ च्या ज्या उन्हाळ्यात बारडोलीचा शेतकरी सरदारांच्या मागे उभा राहून सारावाढीशी लढत होता, त्याच उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले.

मेहेरबाई स्वतः साडी नेसून टेनिस खेळत. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. मूलबाळ नव्हते. दुसऱ्या वर्षी दोराबजींनी ज्युबिली हिऱ्यासकट सगळी संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीत देह ठेवला. त्याच निधीतून पुढे मुंबईचे टाटा रुग्णालय उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांनी कधी ना कधी त्याची पायरी चढली आहे.

संघाचा मालक होणे आणि संघाचा पाठीराखा होणे यांत फरक आहे. अँटवर्पला गेलेल्या संघावर दोराबजींचे नाव नव्हते, देशाचे होते. मुळशीचे देणे त्यांच्या खात्यावर राहील, अँटवर्पचे पुण्यही राहील. दोन्ही लक्षात ठेवून गणरायापुढे आम्ही एवढेच मागतो: आपल्या मैदानात एखादे पोर अनवाणी धावताना दिसले, तर त्याच्याकडे पाहणारी तशी नजर आपल्यातल्या ऐपतदारांना लाभो.