शेंगदाण्याच्या 300 वस्तू सोडा, कार्व्हर यांची खरी लढाई शेतकऱ्याच्या उधारीशी होती

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी माणसाला नवीन नाही. 1981 साली वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ आलं आणि हा अमेरिकन माणूस आपल्या घराघरात पोहोचला.

पण त्यांचं नाव काढलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते. शेंगदाण्यापासून 300 वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ. काहीजण तर पीनट बटरचा शोधही त्यांच्या नावावर टाकून मोकळे होतात.

खरं सांगायचं तर पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही. त्या 300 मधल्या बऱ्याच वस्तू बाजारात कधी आल्याच नाहीत. आणि त्यांच्या नावावर पेटंट होती फक्त 3.

मग या माणसाचं मोठेपण नेमकं कशात?

त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

1864 च्या आसपास अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, डायमंड गावाजवळच्या एका शेतावर जॉर्जचा जन्म झाला. आई मेरी ही मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याची गुलाम. जॉर्ज तान्हा असतानाच लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेलं. मोझेसने एक घोडा देऊन बाळ परत मिळवलं असं सांगितलं जातं. आई मात्र कधीच सापडली नाही.

गुलामगिरी संपली आणि मोझेस आणि सुझन या जोडप्याने जॉर्जला सांभाळलं. पोरगं सतत आजारी, त्यामुळे शेतातली जड कामं त्याच्या वाट्याला आली नाहीत. तो स्वयंपाक शिकला, शिवणकाम शिकला आणि परसातल्या झाडांमध्ये रमला. कुणाचं रोप मरायला टेकलं की शेजारीपाजारी जॉर्जला बोलवायचे.

शिक्षणासाठी त्याने लहानपणीच घर सोडलं. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकत राहिला. कॅन्सासमधल्या एका कॉलेजने त्याला प्रवेश दिला होता, पण तो प्रत्यक्ष पोहोचल्यावर कातडीचा रंग बघून दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतर त्याने जे केलं ते फारसं कुणाला माहिती नसतं. तो स्वतः शेतकरी झाला.

अमेरिकेत 1862 साली होमस्टेड कायदा आला होता. सरकारकडून 160 एकर पडीक जमीन घ्यायची, तिथं घर बांधून 5 वर्षं राहायचं, जमीन कसायची आणि मग ती आपल्या नावावर करून घ्यायची, अशी ती योजना. 1886 मध्ये जॉर्जने पश्चिम कॅन्सासमधल्या बीलर गावाजवळ अशी जमीन घेतली.

तो सगळा माळरानाचा भाग. घराला लाकूड मिळणं अवघड. म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापायचे आणि त्याच्या भिंती रचायच्या, अशी तिथली पद्धत होती. जॉर्जने तसंच घर बांधलं. 17 एकर जमीन नांगरली. मका, भाजीपाला, फळझाडं लावली.

पण पाऊस कमी आणि हातात भांडवल नाही. दोनेक वर्षांत त्याने तो भाग सोडला. एकट्या माणसाला कोरड्या जमिनीवर उभं राहायला काय लागतं, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलं होतं.

पुढे आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकायला गेला. तिथल्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची झाडांची ओढ ओळखली आणि त्याला शेतीशास्त्राकडे वळवलं. 1891 मध्ये तो आयोवाच्या कृषी महाविद्यालयातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला. 1896 पर्यंत हातात पदव्युत्तर पदवी होती.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कगी संस्थेत बोलावलं. कार्व्हर गेले आणि शेवटपर्यंत, म्हणजे तब्बल 47 वर्षं, तिथेच राहिले.

तिथली परिस्थिती काय होती?

गुलामगिरी कागदावर संपली होती, पण बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांकडे जमीन नव्हती. ती दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायची. बियाणं, खत, खायचं धान्य सगळं दुकानदाराकडून उधारीवर. उधारी फेडायची ती कापसातून. त्यामुळे दुकानदार आणि जमीनमालक दोघांचाही आग्रह कापूसच लावायचा. दरवर्षी कापूस घेऊन जमिनीचा कस गेला, उत्पन्न घटलं आणि वर्षाच्या शेवटी हिशेबात पुन्हा उधारीच उरायची.

कापूसपट्ट्यातल्या वाचकाला हे चक्र वेगळं समजावून सांगायला नको.

कार्व्हर यांनी या चक्रावरच हात घातला. विकत आणावं लागणार नाही अशाच गोष्टी ते सांगायचे. रासायनिक खताला पैसे नाहीत? मग जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ वापरून कंपोस्ट करा. जमीन थकली आहे? चवळी, भुईमूग लावा, त्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. पोटाला कमी पडतंय? रताळी लावा, परसात भाजी करा, फळं सुकवून ठेवा. घराला रंग हवाय? आसपासच्या रंगीत मातीपासून बनवा.

हे सगळं त्यांनी छोट्या पुस्तिकांमधून सांगितलं. आयुष्यभरात अशा 40 हून जास्त पुस्तिका निघाल्या. 1916 च्या पुस्तिकेत भुईमूग कसा पिकवायचा आणि त्याचे 105 पदार्थ कसे करायचे हे होतं. हेतू साधा होता, पिकवलेलं आधी घरात खाल्लं गेलं पाहिजे.

पण ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? त्यासाठी 1906 मध्ये जेसप वॅगन निघाली. अवजारं, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं घेतलेली ही गाडी गावोगाव जायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर प्रात्यक्षिक दाखवायची. न्यूयॉर्कचे मॉरिस जेसप यांनी तिला पैसे दिले आणि आतली मांडणी कार्व्हर यांनी ठरवली होती.

नंतर 1910 च्या सुमारास अलाबामात बोंडात शिरणारा सोंड्या किडा पोहोचला आणि कापसाचं पीक बुडू लागलं. शेतकरी भुईमुगाकडे वळले. त्याचं सगळं श्रेय एकट्या कार्व्हर यांचं नाही, पण कापसाला पर्याय आहे हे ते अनेक वर्षं सांगत होते. 1921 मध्ये भुईमुगावरच्या आयातकराबद्दल त्यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलायला 10 मिनिटं मिळाली. सदस्य इतके रंगले की वेळ वाढवत गेले. तिथून ते देशभर प्रसिद्ध झाले आणि शेंगदाण्याचा शिक्का कायमचा बसला.

पण त्यांच्या पद्धतीला एक मर्यादा होती. कंपोस्टने जमीन सुधारते, पण ती जमीन तुमची नसेल तर? सुधारलेलं शेत मालक पुढच्या वर्षी दुसऱ्याला देऊ शकत होता. परसात भाजी लावायलाही परवानगी लागायची. हा प्रश्न पुस्तिकेतून सुटणारा नव्हता. त्या काळात लाखो कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेकडच्या शहरांत निघून गेले, त्यामागे हेही एक कारण होतं.

तरीही जे मागे राहिले, त्यांच्या हातात कार्व्हर यांनी काहीतरी दिलं. खर्च न करता ताट भरायचं आणि उधारी थोडी तरी कमी करायची विद्या. अगदी 1942 मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्यांनी रानभाज्या कशा ओळखायच्या आणि शिजवायच्या यावर पुस्तिका काढली.

5 जानेवारी 1943 ला ते गेले. आयुष्यभराची बचत त्यांनी टस्कगीतल्या संशोधनासाठी दिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये डायमंडच्या त्या शेताला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ज्या जमिनीवर ते मालकाची मालमत्ता म्हणून जन्मले, ती आता त्यांच्या नावाने ओळखली जाते.