रवींद्रनाथांची झाडाखालची शाळा

बंगालमधील शांतिनिकेतनच्या तांबड्या, उजाड माळावर रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली अवघ्या पाच विद्यार्थ्यांसह शाळा उघडली. वर्ग झाडांखाली भरत. ऋतू पालटला की त्या ऋतूची गाणी मुलांच्या ओठी येत. १९०७ मध्ये धाकटा पुत्र शमींद्रनाथ याने तेथे ऋतू-उत्सव घडवला आणि त्याच वर्षी, अकराव्या वर्षी, तो कॉलऱ्याने गेला. पुढच्याच वर्षी कवींनी मुलांसाठी ‘शारदोत्सव’ हे गीतांनी भरलेले नाटक लिहिले! १९२८ पासून वृक्षारोपणाचा सोहळा सुरू झाला. रोपटे पालखीतून, गीतनृत्यासह नेत. आम्हां धम्मबांधवांना मात्र त्यांची १९३३ ची ‘चंडालिका’ अधिक जवळची. तीत तहानलेले भिक्खू आनंद अस्पृश्य कन्येच्या हातचे पाणी पितात. तिचे नाव प्रकृती.