टिळकांची ख्रिस्तमाउली : प्रतिमा आणि कसोटी

ईश्वराचे रूप रेखाटताना माणूस आपल्याच मनातील रंग वापरतो, हा विचार धर्माच्या अभ्यासकांना परिचित आहे. जर्मन तत्त्वज्ञ लुडविग फॉयरबाख यांनी इ. स. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, मानव आपल्याच श्रेष्ठ गुणांना स्वतःपासून वेगळे काढून ख्रिस्ती ईश्वर म्हणून त्यांची उपासना करतो, असा सिद्धान्त मांडला. हा सिद्धान्त एखाद्या भक्ताच्या चरित्राला लावून पाहावयाचा, तर कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याइतके बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील कठोर आणि संतापी. आई जानकीबाई मात्र मृदू आणि भाविक. आईचे छत्र बालवयातच हरपले आणि मुलाचे घराशी असलेले नातेही जवळपास तुटले. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची बरीच वर्षे अस्थिरतेत गेली. नागपूरच्या वास्तव्यात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करीत असतानाच, जातिभेदाने विस्कळीत झालेल्या या देशाला नव्या धर्माची गरज आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. तो धर्म कसा असावा, याची रूपरेषाही ते मनोमन आखू लागले.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील गिरिप्रवचन वाचून टिळक भारावून गेले. शत्रूवरही प्रेम करावयास सांगणाऱ्या त्या वाणीत, आपण ज्याच्या शोधात होतो ते सारे आपल्याला गवसले, असे त्यांना वाटले.

चरित्राच्या अभ्यासकाने थांबावे ते येथे. चित्र आधी मनात तयार होते आणि ख्रिस्त त्या चौकटीत नेमका बसला, असा आक्षेप येथे घेता येईल. तो फेटाळून लावण्याजोगा नाही. एवढेच नव्हे, तर पुढील काव्यातही त्याला पुष्टी मिळते. टिळकांच्या अभंगांतून येणारा ख्रिस्त हा भक्ताला पोटाशी धरणारी माउली आहे, सद्गुरू आहे. वारकरी संतांनी विठ्ठलाला ज्या नात्याने हाक मारली, त्याच नात्याने टिळक ख्रिस्ताला हाक मारतात. कठोर पिता आणि अकाली गमावलेली आई यांचा विचार मनात येताच, या माउलीचा उगम कोठे असावा, हे सांगण्याचा मोह आवरणे कठीण जाते.

परंतु प्रक्षेपण केवळ टिळकांनीच केले होते, असे नाही. दीक्षेनंतर ते ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात अहमदनगर येथे सामील झाले, तेथे ख्रिस्ताबरोबर पाश्चात्त्य संगीत, पाश्चात्त्य रीतिरिवाज आणि मिशनऱ्यांचे पालकत्वही आले होते. धर्म कोणता आणि त्याला चिकटलेला परदेशी संस्कार कोणता, हे वेगळे करून पाहण्याची दृष्टी त्या वातावरणात दुर्मीळ होती. टिळकांनी उपासनेत अभंग व कीर्तन आणले, शेकडो भक्तिगीते रचली आणि ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले. आपल्या देवाला त्यांनी आपली भाषा दिली. त्यामुळे इतरांनीही त्याला आपापली भाषा दिलेली आहे, हे उघड झाले.

तरीही टिळकांचा ख्रिस्त हा निव्वळ आरसा होता, असे म्हणवत नाही. आरसा पाहणाऱ्याकडे काही मागत नाही. टिळकांच्या ख्रिस्ताने मात्र त्यांच्याकडे पुष्कळ मागितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जात, आप्तेष्ट आणि प्रतिष्ठा यांना ते एकाच दिवशी मुकले. लक्ष्मीबाईंना मुलासह कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले. वस्तुतः या निष्ठेची किंमत निर्णय घेणाऱ्यापेक्षा त्या निर्णयात ज्यांना विचारलेही गेले नाही, त्यांनीच अधिक मोजली. टिळक स्वभावाने तापट होते. त्यांनी पूजिलेला ख्रिस्त क्षमाशील होता. तो त्यांच्या स्वभावाचे प्रतिबिंब नव्हता, तर त्या स्वभावावरचा अभियोग होता. फॉयरबाख यावर म्हणू शकेल, की माणूस आपल्यातील उणीवही आकाशात पूर्ण करून पाहतो. तेही खरेच. मात्र ज्या प्रतिमेपुढे माणसाला वारंवार स्वतःलाच दोषी ठरवावे लागते, ती त्याच्या सोयीची राहत नाही, एवढे निश्चित.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे प्रवेश होता. मिशनची चौकट नाकारणाऱ्या या उपक्रमातही त्यांच्या राष्ट्रप्रेमाचा रंग होताच. तो कितपत ख्रिस्ताचा आणि कितपत टिळकांचा, हे ठरण्याइतका अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरेच राहिले. आरंभीचे अध्याय तेवढे लिहून झाले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. पतीच्या श्रद्धेमुळे एकेकाळी जिचा संसार मोडला आणि नंतर स्वतःच्या वाटेने जी त्या श्रद्धेपर्यंत पोहोचली, त्या स्त्रीने त्याच ख्रिस्ताचे चरित्र आपल्या दृष्टीने लिहिले. एका काव्यातील एकच नायक असा दोन मनांतून उतरलेला आहे. दोघांच्या चित्रणातील फरक कोठे पडतो आणि तो पडूनही काय सारखे उरते, हे त्या ग्रंथाच्या बारकाईने केलेल्या वाचनातूनच कळेल. प्रक्षेपणाच्या सिद्धान्ताची मराठीपुरती खरी कसोटी तेथे आहे.