सीमारेषा आणि माणूस : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनकार्याचा एक दुर्लक्षित पैलू

जव्हारच्या पठारावर वाढलेल्या प्रत्येकाने बैलाच्या कातड्याची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने येथील वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य होताच त्याने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्या एकमेकींना जोडून त्यांनी वेढलेला सारा मुलूख आपला ठरवला. पुढे 5 जून 1343 रोजी त्याचा पुत्र नेमशाह यास दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपद मिळाले आणि त्या दिवसापासून संस्थानाने आपला शक सुरू केला. ही आख्यायिका शब्दशः खरी मानावी असा आमचा आग्रह नाही. मात्र तीत एक सत्य दडलेले आहे. मुलखाची सीमा निसर्ग आखत नाही, माणसे आखतात. आणि ती आखली जात असताना त्या जमिनीवर राहणाऱ्याला बहुधा कोणी विचारत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी लिहावयाचे ठरले, तेव्हा आम्हांला हीच गोष्ट आठवली. बाबासाहेब घटनाकार, अर्थशास्त्रज्ञ आणि दलितांचे उद्धारक म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु राज्ये, प्रांत आणि शेजारी राष्ट्रे यांच्या सीमांविषयी त्यांनी जन्मभर जो विचार केला, त्याची चर्चा आपल्या घरांत क्वचितच होते. आमच्या मते त्या विचारामागे एकच प्रश्न सातत्याने उभा होता : ही रेषा ओढल्यावर तिच्या दोन्ही बाजूंच्या दुर्बळ माणसाचे काय होणार?

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. महू ही ब्रिटिशांची लष्करी छावणी, आणि तिच्या सभोवती होळकरांचे इंदूर संस्थान. जन्मस्थानापासूनच दोन सत्तांचा शेजार त्यांच्या वाट्याला आला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सातासमुद्रांपलीकडील त्या नगरीत त्यांना कोणी जात विचारली नाही. मात्र 1917 मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास परतले, तेव्हा राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. खरी जात कळताच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. या व अशाच अनुभवांच्या त्यांच्या आठवणी ज्या इंग्रजी नावाने प्रसिद्ध आहेत, त्याचा अर्थ व्हिसाच्या प्रतीक्षेत असा होतो. व्हिसा परदेशात जाताना लागतो. येथे तो स्वदेशातील एका खोलीसाठी लागत होता. समुद्र ओलांडता येतो, परंतु गावकुस ओलांडता येत नाही, हे ज्याने स्वतः भोगले, त्याने पुढे नकाशावरील प्रत्येक रेषा याच अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिली.

1929 मध्ये सायमन आयोगाच्या कामाच्या संदर्भात मुंबई इलाख्याच्या समितीवर असताना त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. सिंध आणि कर्नाटक हे भाग इलाख्यातून वेगळे करण्यास त्यांनी त्यात विरोध दर्शविला. तरीही 1936 मध्ये सिंध वेगळा प्रांत झाला आणि अकरा वर्षांनी तो दुसऱ्या राष्ट्रात गेला.

मार्च 1940 मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला ठराव केला आणि देशात एकच गदारोळ उठला. कोणी ही मागणी हसण्यावारी नेली, तर कोणी तिला पाप ठरवले. बाबासाहेबांनी मात्र तिचा अभ्यास मांडला. स्वतंत्र मजूर पक्षाने या प्रश्नासाठी नेमलेल्या समितीच्या कामातून त्यांचा पाकिस्तानविषयक ग्रंथ त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दोन्ही पक्षांचे युक्तिवाद समोर ठेवले, लोकसंख्येचे आकडे दिले आणि नकाशे जोडले. वायव्येकडील डोंगररांग गेली तर हिंदुस्थानचे संरक्षण कोलमडेल, अशी तेव्हा सर्वत्र भीती होती. आधुनिक युद्धात डोंगरापेक्षा विश्वासू सैन्य आणि देशाची साधनसंपत्ती यांचे मोल अधिक असते, हे त्यांनी साधार दाखवले. फाळणी अटळच असेल तर संपूर्ण पंजाब आणि संपूर्ण बंगाल देऊन टाकू नयेत, तेथील जिल्ह्यांची वस्ती पाहून रेषा ठरवावी आणि ग्रीस व तुर्कस्तान यांच्याप्रमाणे लोकसंख्येची अदलाबदल शांततेने, करार करून घडवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद असू शकतात. परंतु रक्तपात होण्यापूर्वी सात वर्षे त्यांनी हा विचार केला होता, हे विसरता येणार नाही.

त्या फाळणीचा घाव पुढे त्यांच्यावरही पडला. 1946 मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली, तेव्हा मुंबई प्रांतातून त्यांना वाट नव्हती. बंगालचे दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगाल विधिमंडळातून निवडून आले. बंगालचे विभाजन ठरताच ती जागा नाहीशी झाली आणि जुलै 1947 मध्ये मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली. 29 ऑगस्टला ते मसुदा समितीवर आले. सीमा हलली आणि घटनाकार जवळजवळ घटनेबाहेर राहिले असते, हा इतिहास आपल्या मुलांना माहीत असावा.

त्याच ऑगस्टच्या 17 तारखेस रॅडक्लिफ यांचा निवाडा जाहीर झाला. चितगावच्या डोंगराळ प्रदेशातील बहुसंख्य लोक चकमा आणि इतर जमातींचे, बौद्ध धर्म पाळणारे. तेथे रांगामाटीला भारताचा ध्वजही फडकला होता. तरीही तो प्रदेश पाकिस्तानात गेला. डोंगरात राहणाऱ्या आदिवासींना कोणी विचारले नाही, हे वाचताना जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला ती गोष्ट परकी वाटणार नाही.

पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांची स्थिती याहून बिकट होती. सफाईचे काम अत्यावश्यक सेवेत मोडते, असे कारण दाखवून त्यांना सीमा ओलांडू दिली जात नव्हती. ज्यांना गावाने कधी आपले मानले नाही, त्यांना आता देश सोडू देईना, कारण मैला उचलणार कोण हा प्रश्न होता. बाबासाहेबांनी 1947 च्या नोव्हेंबरात जाहीर निवेदन काढून आपल्या लोकांना भारतात येण्याचे आवाहन केले, हैदराबादेतील दलितांना निजामाची बाजू न घेण्याचा सल्ला दिला आणि डिसेंबरात पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या लोकांच्या सुटकेसाठी प्रयत्न करण्याची मागणी केली. जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले होते. दोन शेजारी राष्ट्रांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्य समाजातील असावेत, हा इतिहासातला विलक्षण योग. परंतु पूर्व बंगालमधील आपल्या समाजाचे हाल पाहून मंडल यांनी 1950 च्या ऑक्टोबरात राजीनामा दिला आणि ते भारतात निघून आले.

संस्थानांचा प्रश्नही त्याच काळातला. इंग्रज जाताच आपण स्वतंत्र राष्ट्र होऊ, असे त्रावणकोर आणि हैदराबाद म्हणू लागले. जून 1947 मध्ये बाबासाहेबांनी कायद्याच्या आधारे या दाव्याचे खंडन केले आणि संस्थानांनी भारतीय संघराज्यात सामील होण्यातच त्यांचे हित आहे, असे स्पष्टपणे सांगितले. आपले जव्हार संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. कातड्याच्या वाद्यांनी आखलेली सीमा सहा शतकांनी मिटली आणि येथील प्रजेचे नागरिक झाले.

27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वज्ञात आहे. परराष्ट्र धोरण हेही एक कारण होते, हे तेवढे ज्ञात नाही. 350 कोटींच्या महसुलापैकी सुमारे 180 कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, याचा अर्थ आपण मित्र जोडण्यात कमी पडलो, असा त्यांचा आक्षेप होता. काश्मीरच्या बाबतीत जम्मू आणि लडाखमधील हिंदू व बौद्धांचा भाग भारताकडे ठेवावा आणि सार्वमत घ्यावयाचे तर ते खोऱ्यापुरते घ्यावे, असे त्यांचे मत होते. काश्मीरइतकीच, किंबहुना अधिक चिंता पूर्व बंगालमधील आपल्या माणसांची वाटावयास हवी, असेही त्यांनी बजावले. येथेही रेषेआधी त्यांना माणूस दिसत होता.

1954 हे वर्ष आपल्या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाचे. 29 एप्रिलला भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला व त्यातून पंचशील हा शब्द राजकारणात रूढ झाला. 22 जुलैला दादरा आणि 2 ऑगस्टला नगर हवेली पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाली. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे तोवर एक युरोपीय सत्ता नांदत होती. भारताने मार्ग अडवल्याची तक्रार घेऊन पोर्तुगाल 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 12 एप्रिल 1960 च्या निकालात खाजगी व्यक्ती, नागरी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या मार्गाचा हक्क मान्य झाला, सैन्याचा मात्र नाही. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही असे ठरले. आपल्या शेजारच्या वारली पाड्यांची वाट जगाच्या न्यायालयात चर्चिली गेली होती.

26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी सावधगिरीचा इशारा दिला. पंचशील हे बुद्धाच्या शिकवणीतले शब्द. त्यांच्यावर त्यांची श्रद्धा कोणाहूनही कमी नव्हती. परंतु राजकारणात समोरचा पक्ष ते शील पाळतो काय, हे पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताच्या सीमेला येऊन भिडली, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. आठ वर्षांनी, 1962 मध्ये, हिमालयात युद्ध पेटले, तेव्हा ते हयात नव्हते.

1955 च्या अखेरीस भाषावार राज्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका राज्यात एक भाषा असावी, परंतु एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे असे नाही, हे त्यांचे सूत्र. मोठ्या राज्यात बहुसंख्य जातींचा वरचष्मा होतो आणि लहान समाज दबले जातात, अशी त्यांची धारणा होती. उत्तर प्रदेशाचे तीन आणि बिहार व मध्य प्रदेशाचे प्रत्येकी दोन भाग करावेत. महाराष्ट्राची मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी चार राज्ये व्हावीत, असे त्यांनी सुचवले. दिल्ली शेजारी राष्ट्रांच्या माऱ्याच्या टप्प्यात येते आणि दक्षिणेला दूर पडते, म्हणून हैदराबाद ही दुसरी राजधानी असावी, असेही ते म्हणाले. चार राज्यांची कल्पना महाराष्ट्राने स्वीकारली नाही. त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पक्षही पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेत गेली आणि वारल्यांची सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. 2000 मध्ये झारखंड, छत्तीसगड आणि उत्तराखंड ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा अनेकांना ते जुने पुस्तक पुन्हा उघडावे लागले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी शेजाऱ्यांशी नाते जोडण्याची आणखी एक वाट धरली. 1950 मध्ये कोलंबो, 1954 मध्ये रंगून आणि नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदांना ते उपस्थित राहिले. श्रीलंका, ब्रह्मदेश आणि नेपाळ हे तिन्ही आपले शेजारी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर महिन्याभरात, प्रकृती ढासळलेली असतानाही, ते काठमांडूस गेले आणि लुंबिनीचे दर्शन घेऊन आले. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता पुन्हा आपल्या पठाराकडे वळू. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात येतात. हीसुद्धा नकाशावरची एक रेषाच आहे. पण बैलाच्या कातड्याच्या रेषेने जमीन घेतली. या रेषेच्या आत आदिवासीची जमीन त्याच्या हातून जाऊ नये, अशी तिच्यामागची भूमिका आहे. एकाच भूमीवर ओढलेल्या दोन रेषांतला हा फरक ज्याला कळला, त्याला बाबासाहेब कळले, असे आम्ही समजतो. 1 ऑगस्ट 2014 पासून आपण पालघर जिल्ह्याचे झालो. उद्या आणखी कोठली रेषा बदलेल. आमचे माजी विद्यार्थी आज तलाठी आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, सैन्यात सीमेवर उभे आहेत. त्यांच्यापुढे जेव्हा जेव्हा नकाशा उलगडला जाईल, तेव्हा त्यांनी शेवटच्या पाड्यावरच्या माणसाला आधी विचारावे. बाबासाहेबांना याहून उचित अभिवादन आम्हांस सुचत नाही.