डॉ. सालिम अली : पदवी, नोकरी आणि आवड

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांकडे पालकांची रीघ लागते. मुलाला कॉमर्सला घालावे की सायन्सला, मुलीने बी. ए. केले तर पुढे नोकरी कोणती, हे प्रश्न ठरलेले असतात. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईबापांना असे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. जे शिकलो तेच काम पुढे मिळाले पाहिजे, नाहीतर शिक्षण वाया गेले, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आपल्याच मुंबईत वाढलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र उपयोगी पडेल. ते म्हणजे जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली.

सालिम अली यांचा जन्म दिनांक १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावात खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या भावंडांना वाढवले. मुलांप्रमाणे सालिमलाही छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा नाद होता. एकदा त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा पक्षी कोणता, असे त्याने मामांना विचारले. मामांनाही ते ठाऊक नव्हते. पण त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला तिकडे पाठवले. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी या शाळकरी मुलाला दाखवले. पुढील साऱ्या आयुष्याचे बीज तेथे पडले.

शाळेत मात्र सालिमची प्रगती बेताचीच होती. सततच्या डोकेदुखीमुळे काही काळ शाळाही सुटली. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, पण गणिताने दमवले आणि पहिल्याच वर्षानंतर कॉलेज सोडावे लागले. मग ते ब्रह्मदेशात तवाय येथे घरच्या धंद्यावर देखरेख करण्यास गेले. तेथे वुल्फ्रॅम या खनिजाच्या खाणीचे आणि लाकडाचे काम होते. सभोवती घनदाट जंगल असल्याने तरुण सालिमचे लक्ष हिशेबाच्या वहीपेक्षा झाडांवरच अधिक असे.

१९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी पुन्हा शिकायचे ठरवले. व्यापारी घराण्याला साजेल असे व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र ते दावर कॉलेजात शिकू लागले. त्यांची खरी आवड ओळखली सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी. त्यांच्या आग्रहावरून सालिम अली त्याच काळात झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. अभ्यासक्रम पूर्ण झाला, पण विद्यापीठाची पदवी मात्र हाती आली नाही.

या उणिवेची किंमत त्यांना मोजावी लागली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाची जागा पदवी नसल्यामुळे मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नोकरी लागली. ज्ञान अपुरे आहे असे वाटल्याने १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! पूर्वी पदवीवाचून नोकरी अडली होती. आता शिक्षण घेऊन आले तर नोकरीच उरली नव्हती.

अशा वेळी पत्नी तहमीना बेगम यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरणीची घरटी होती. रिकामपणाचे दिवस त्यांनी तासन्‌तास त्या घरट्यांकडे पाहण्यात घालवले. घरटे नर विणतो, ते अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. ती अंडी घालून उबवू लागली की नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो. ही गोष्ट त्यांनी पुराव्यानिशी मांडली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखाने पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. खर्च तेवढा द्या, पगार नको, अशी त्यांची तयारी असे. १९३९ मध्ये तहमीना बेगम शस्त्रक्रियेनंतर वारल्या. हा घाव मोठा होता, तरी काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. भरतपूरचे पक्षी अभयारण्य आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल राखण्यातही त्यांचा वाटा होता. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. ज्यांच्यापाशी साधी पदवी नव्हती त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. दिनांक २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत ते पैगंबरवासी झाले.

विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून कोणी कॉलेज सोडण्याचा विचार करील तर त्याने चरित्र अर्धेच वाचले असे मी म्हणेन. पदवी नसल्याने सालिम अलींची एक नोकरी गेली, हे विसरू नका. आणि शिकणे त्यांनी कधीच सोडले नाही. संसार असताना, वयाच्या तिशीनंतर ते परदेशी जाऊन विद्यार्थी झाले. पदवी घ्याच. मात्र पदवीवरचा विषय आणि नोकरीतले काम जुळले नाही म्हणून खचू नका आणि आपली आवड मरू देऊ नका.

पालक बंधु-भगिनींनो, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सालिम अली सुस्थितीतील घराण्यात वाढले. नोकरी गेल्यावर किहीमला जाऊन पक्षी पाहत बसणे आपल्या मुलांना परवडणार नाही. त्यांना आधी घर चालवावे लागेल, मिळेल ती नोकरी धरावी लागेल. पण मुलाचा प्रश्न ऐकून त्याला योग्य माणसाकडे पाठवायला श्रीमंती लागत नाही. अमिरुद्दीन मामांनी दिली ती एक चिठ्ठी होती. मिलर्डसाहेबांनी कपाट उघडून दाखवले. फादर ब्लॅटर यांनी आवड ओळखून वाट दाखवली. ज्या मुलांच्या घरी असा मामा नाही, त्यांच्यासाठी ही तिन्ही कामे शाळेने आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने करायची आहेत. पुढच्या वर्षी निकालानंतर भेटाल तेव्हा नोकरीचा प्रश्न जरूर विचारा. त्याबरोबर मुलाला कशाची आवड आहे तेही सांगा. आम्हाला चिठ्ठी कोणाला लिहायची हे त्यावरून कळेल.